बिडीपुरतं बसणं

रुक्माबाईला बिडीचं व्यसन आहे, असं सारं गाव म्हणायचं. गावाच्या बापाचं काय जातं म्हणायला! तिला गोडी बिडीची नव्हतीच, बसण्याची होती.

सोळाव्या वर्षी लग्न होऊन ती या घरात आली, तेव्हा सासऱ्याच्या वावरात एक रीत होती. बिडी पिणाऱ्यानं बिडी संपेपर्यंत बसावं, बाकीच्यांनी हात चालवावेत. गडीमाणसं वावराच्या धुऱ्यावर, बांधाला टेकून धूर काढत, आणि बाया सकाळी वाकल्या की सांजेपर्यंत वाकलेल्याच. मारोती पोटात सात महिन्यांचा होता, तेव्हा कापूस वेचता वेचता तिची कंबर भरून आली आणि ती मटकन खाली बसली. "कोन बसली वं थे?" म्हणून सासरा लांबून ओरडला. जवळच फकिरा नावाचा सालदार बिडी पीत होता. त्यानं आपली पेटती बिडी तिच्या हातात कोंबली. सासऱ्यानं धूर पाहिला आणि तो गप्प झाला. घरी सासूनं चार शिव्या घातल्या, पण वावरातली रीत ती वावरातली रीत. बिडी पिते ना, मग बसू द्या. तेव्हापासून दिवसाच्या पाच बिड्या आणि पाच वेळचं बसणं, एवढीच काय ती रुक्माबाईची चैन.

पुढं सासरा गेला, नवरा गेला, वावर लेकाच्या, मारोतरावाच्या नावावर झालं. रीत मात्र कोणी मोडली नाही. रुक्माबाई आता पासष्टीच्या पुढं गेली होती. दोन्ही गुडघे सुजलेले, तोंडात मोजून चार दात. तरी रोज वेचणीला जायची. नेर तालुक्याच्या त्या पट्ट्यात त्या वर्षी वेचायला बाया मिळत नव्हत्या, आणि घरच्या म्हातारीला कोणाला विचारून न्यावं लागत नाही.

त्या वर्षी कापूस घरात आला तो घरातून जाईना. सरकारी खरेदी या सोमवारी सुरू होणार, पुढच्या सोमवारी होणार, असं करता करता संक्रांत आली. दारावर येणारा व्यापारी असा काही भाव सांगे की मारोतराव त्याला पाणीही विचारत नसे. पुढची खोली भरली, मधली भरली, देवघराच्या दारात कापूस गळ्याइतका झाला. माणसं कापसावरच निजत आणि सकाळी अंग खाजवत उठत. अशात पलीकडच्या गावात एका घरातल्या कापसाला चुलीची ठिणगी लागली. मारोतराव ते पाहून आला. दोन दिवस पाणी मारलं तरी आतून धुमसतच होतं म्हणे. तो आला तो घरी न जाता सरळ वावरात. आणि रुक्माबाई नेमकी तेव्हाच धुऱ्यावर बसून दिवसातली दुसरी बिडी पेटवत होती.

"माय, उठ."

"आत्ताच बसली ना बाप्पा. एवढी होऊ दे."

त्यानं तिच्या पदराचं टोक धरून उन्हात ताणलं. काळ्या कडांची पाच-सहा भोकं होती.

"हे कायचं व्हय?"

"उडली असन ठिणगी कवातरी."

"ठिणगी उडली असन! घरात आढ्यालोक कापूस हाय, अन् हे बुढी आंगावर आग घेऊन फिरून राह्यली!"

वेचणाऱ्या सात बाया होत्या. हात चालू होते त्यांचे, पण माना इकडे. मारोतरावानं आईच्या कंबरेची चंची ओढून काढली आणि उलटी केली. बिड्या, आगपेटी, सुपारीचं एक खांड आणि गुडघ्याच्या दोन गोळ्या खाली पडल्या. त्यानं सगळंच टाचेखाली रगडलं, गोळ्यासुद्धा.

"आठ दिवसात सोड. नाही तं गोठ्यात खाट टाकतो तुई. बैलाच्या बाजूले पड मंग ठिणग्या घेऊन."

"सोडतो ना बाप्पा. बिडीचं काय एवढं? पन मंग मी बसू कवा?"

"कायचं बसनं?" मारोतराव म्हणाला. त्याला खरंच समजलं नाही.

त्या सांजेपासून दारात झडती सुरू झाली. सून बेबीताई तिला उंबऱ्याबाहेर उभी करायची, लुगडं झटकायला लावायची, आणि मग तिच्या तोंडाजवळ नाक न्यायची.

"आ करा आत्याबाई."

रुक्माबाई आ करी.

"वास येऊन राह्यला."

"अवं सकायचा असन थो."

"मंग चूळ भरा. दोनदा भरा."

वाटेनं जाणारे पाहत, कोणी थांबूनही पाहत. पन्नास वर्षं ज्या घराला तिनं सारवलं, त्या घरात शिरताना तिला चोरासारखी लाज वाटायची.

आता बिडी सोडवायची कशी, यावर ओट्यावर खलबतं सुरू झाली. जिची बिडी तिला सोडून सगळ्यांनी त्यात तोंड घातलं. बेबीताईचा उपाय खर्रा. "खर्र्याले काही आग लागत नाही," ती म्हणाली, आणि पानठेल्यावरून तिनं एक पुडी मागवली. तंबाखू न् सुपारी घोटून केलेला तो जहाल माल रुक्माबाईच्या चार दातांना कसला चावतो! सुपारीची खडी तोंडात इकडून तिकडे फिरवता फिरवता रस पोटात गेला, आणि दुपारपर्यंत तिला उचकी थांबेना. बेबीताई पदर तोंडात कोंबून हसत होती.

मग नेरला काम निघालं म्हणून मारोतराव तिला तिथल्या डॉक्टरकडे घेऊन गेला. डॉक्टर भला माणूस होता. त्यानं छाती तपासली, गुडघे दाबून पाहिले.

"आजी, एकदम नका सोडू. रोज एक कमी करा. पाचच्या चार, चारच्या तीन. जमेल तुम्हाला. आणि या वयात मुख्य म्हणजे आराम हवा."

बाहेर आल्यावर मारोतराव म्हणाला, "आराम! कापूस काय डाक्टर येते वेचाले?"

"मले त्याईचं पटलं, मारोती. एक-एक कमी करतो मी. आंगालेही सवय होईन."

"सवय होयेलोक घर जयन ना माय!"

झालं. डॉक्टरचा उपाय दवाखान्याच्या पायरीवरच संपला.

मग बापूजी. आर्णीच्या वाटेवर त्यांचं ठाणं होतं, दर गुरुवारी तिथं व्यसनी माणसांची रांग लागे. बापूजींची रीत साधी होती. व्यसन असलेल्यानं आपल्या रक्ताच्या माणसाच्या डोक्यावर हात ठेवायचा आणि म्हणायचं, मी पुन्हा शिवलो तर याचं वाईट होवो. भले भले दारुडे त्या एका शपथेनं सुधारले, असं बेबीताईच्या माहेरचे लोक सांगत.

निंबाखाली सतरंजीवर पांढऱ्या धोतरातले बापूजी बसले होते. चाळीसेक माणसं भोवती, त्यांत रुक्माबाई, लेक आणि सून.

"बाई, लेक संग हाय ना?"

"हाय जी. हा काय."

"ठेव हात त्याच्या डोक्यावर."

रुक्माबाईनं हात उचलला. मारोतरावाचं डोकं हातभर मागं सरकलं.

"थांबा बापूजी. माया डोक्यावर नको."

"काहून?"

"हिचा भरोसा नाही ना. उद्या कोनी दिली तं हे पेन, अन् मी मरन."

भोवतालची माणसं हसली. बापूजी नाही हसले. "मंग नातवाच्या नावानं घेऊ."

बेबीताई अर्धी उठलीच. "अंकुर माया एकुलता एक हाय! त्याचं नाव काढाचं नाही, सांगून ठेवतो!"

"सुनेच्या?"

"मी काय याईच्या रक्ताची हाय काय?"

रुक्माबाईचा हात अजून तसाच वर होता. ती म्हणाली, "माया सोताच्या डोक्यावर ठेवतो ना मी."

"आपल्या जिवाची कोनाले फिकीर राह्यते बाई?" बापूजी म्हणाले. "तुया डोक्यावर ठेवून काय उपेग?"

मागून कोणीतरी बोललं, "कापसाच्या नावानं घ्या ना मंग. बिडी पेली तं कापूस जयन म्हना."

मारोतराव असा वळला की आता मारतो की काय. "तोंड आवर गा तुयं! कापसाचं नाव घेतो!"

शेवटी कोणाच्याच डोक्यावर हात ठेवला गेला नाही. बापूजींनी अंगाऱ्याची पुडी दिली आणि पुढच्या माणसाला बोलावलं. रुक्माबाईनं हात मांडीवर ठेवला. त्याच हातानं तिनं ते डोकं तेल घालून घालून काळंभोर ठेवलं होतं, त्यातल्या उवा काढल्या होत्या, गोवर आला तेव्हा सात दिवस ओल्या फडक्यानं पुसलं होतं. तेच डोकं तिच्या हाताखालून मागं सरलं, हे तिला फार लागलं. मरणापेक्षा जास्त लागलं. परतताना एसटीत ती खिडकीकडं तोंड करून रडत होती.

बेबीताई नवऱ्याला म्हणाली, "तलफ आली असन आत्याबाईले."

शेवटचा उपाय शेजारच्या विठ्ठलरावांचा. या माणसानं स्वतः बिडी सात वेळा सोडली होती, त्यामुळं गावात त्यांचा या विषयात अधिकार मोठा.

"एका बैठकीत अख्खं बंडल पाजाचं," ते ओट्यावर मांडी ठोकून म्हणाले. "एकीवर एक. मधात दम नाही घेऊ द्याचा. अशी शिसारी बसते का जन्मात हात लावत नाही मानूस."

"तुमी केलतं काय?" मारोतरावानं विचारलं.

"मी कायले करू? माया मेव्हन्याले केलतं. आता बिडीवाला दिसला तं रस्ता बदलते थो."

उपाय एका बंडलात भागत होता. मारोतरावाला पटला. रुक्माबाईला कोणी विचारलं नव्हतं, तरी कोपऱ्यातून तीच म्हणाली, "हेच करा बाप्पा. हेच बरं हाय."

सगळे तिच्याकडे पाहायला लागले. म्हातारी एवढी तयार कशी? तिच्या डोक्यात काय चाललं होतं ते यांना काय कळणार! पंचवीस बिड्या म्हणजे पंचवीस वेळचं बसणं, तेही एका दमात. अख्खी सकाळ जाईल. इतकं तर ती बाळंतपणातही बसली नव्हती. शिसारी बसेल तेव्हा बसेल.

शनिवारी सकाळी तिला वावरात नेलं. वेचलेल्या कापसाच्या गंजीपासून लांब, वारा उलट्या बाजूला जाईल अशा जागी, बोरीखाली पोतं टाकलं. पाण्याची बादली ठेवली. विठ्ठलराव समोर दगडावर बसले, मारोतराव उभा. बाया पलीकडच्या तासात, झाडांच्या ओळीत वेचत होत्या.

पहिल्या तीन बिड्या रुक्माबाईनं अगदी मजेत ओढल्या. पाय लांब केले, गुडघ्यावर ऊन घेतलं. असं सुख तिला कोणी दिलं नव्हतं. पाचवी झाली, म्हणजे दिवसाचा वाटा संपला.

"धूर आत घ्या काकी. निस्ता तोंडात नाही चालत," विठ्ठलराव म्हणाले.

आठवीला तोंड कडू जहर झालं. नववीला बोरीचं झाड हलायला लागलं. दहावी तिनं खाली ठेवली. "थांब ना मारोती, जरा."

"थांबाचं नाही!" विठ्ठलराव ओरडले. "थांबली का उपाय गेला!"

मारोतरावानं ती उचलली, पेटवली आणि तिच्या ओठात दिली. बाराव्या बिडीला सकाळचा चहा आणि भाकर पोत्यावर पडली. त्यानं बादलीतल्या पाण्यानं तिचं तोंड धुतलं आणि तेरावी लावली. तिनं मान फिरवली तेव्हा त्यानं तिचा जबडा धरला. बैलाला औषध पाजताना धरतात तसा, अंगठा एका गालावर आणि चार बोटं दुसऱ्यावर. चांगला घट्ट धरला. डोळ्यांतून, नाकातून पाणी, छाती भात्यासारखी वरखाली. सोळाव्या बिडीला तिचं लुगडं ओलं झालं. ते पाण्यानं झालं नव्हतं, आणि ते सातही बायांना दिसलं. रुक्माबाईनं दोन्ही हातांनी पदर मांडीवर ओढून घेतला. तेवढं भान तिला होतं, तेच वाईट.

एक बाई न राहवून म्हणाली, "बस करा ना जी दादा. मरन थे बुढी."

"तुया तासाकडे पाय वं तू!"

एकोणिसावी अर्धी झाली आणि रुक्माबाई कुशीवर कलंडली. विठ्ठलरावांनी उठून तिच्या नाकाजवळ बोट धरलं, आणि धोतर झटकलं.

"झालं. आता सुटली." मग पोत्यावरचं बंडल उचलून त्यांनी आतल्या सहा बिड्या मोजल्या आणि आपल्या खिशात टाकल्या. "याचं काय काम आता इथं?"

तीन दिवस ती तापानं गोठ्यात पडली होती. घरात नेली तर ओकून कापूस खराब करील, असं बेबीताईचं म्हणणं होतं, आणि ते खोटंही नव्हतं. चौथ्या दिवशी ती उठली. उपाय लागू पडला होता. वाटेनं कोणी बिडी ओढत गेला तरी तिच्या पोटात ढवळून येई. गावानं मारोतरावाची वाहवा केली. दारातली झडती थांबली. बेबीताईनं एक दिवस आपणहून तिच्या भाकरीवर लोणी घातलं.

ती वेचणीला जायला लागली. पहिल्याच दिवशी, ऊन डोक्यावर यायच्या आधी, गुडघ्यांनी बोलायला सुरुवात केली. रुक्माबाई धुऱ्यावर गेली आणि बसली.

"काय झालं माय?"

"काही नाही. बसली जराशी."

"कायले?"

रुक्माबाई गुडघा चोळायला लागली.

"बिडी तं सुटली ना तुई?" मारोतराव रागावला नव्हता. रागावला असता तर बरं झालं असतं, त्याला फक्त नवल वाटत होतं. "मंग? तुले पाहून ह्या साऱ्या बसतीन ना. उठ."

बायांतली एक हळूच म्हणाली, "आमी बसतो काय आत्याबाई कवा?" तेही खरंच होतं. रुक्माबाई गुडघ्यावर हात देऊन उठली.

मग तिनं एक शक्कल काढली. पाण्याचा डबा घेऊन परसाकडे जायचं आणि तुरीच्या आड उकिडवं बसून राहायचं. गुडघे जास्तच दुखत, पण कंबरेला तेवढाच आराम. दिवसातून पाच वेळा जायला लागली तेव्हा बेबीताईच्या ध्यानात आलं.

"आत्याबाईचं पोट बिघडलं. घडी घडी जातेत."

पोट बिघडलं म्हणून भाकर बंद. चार दिवस तिला नुसती तांदळाची पेज मिळाली, आणि पेज पिऊन ती उभ्यानं वेचत राहिली. पाचव्या दिवशी तिनं डबा घरीच ठेवला. खरं काय ते सांगून टाकावं असं तिला एकदा वाटलं. पण सांगायचं काय? मले बसाचं हाय, असं? पन्नास वर्षांत त्या वावरात हे वाक्य कोणी बोललं नव्हतं. तिच्यानंही बोलवेना.

फाल्गुनात एकदाची खरेदी सुरू झाली. दोन ट्रॅक्टर दारात लागले, गावातली चार माणसं कापूस भरायला आली, आणि दुपारपर्यंत घर रिकामं झालं. इतक्या महिन्यांनी भिंती दिसल्या. भाव यथातथाच मिळाला, पण जळाला नाही, चोरी गेला नाही, विकला गेला, यातच मारोतराव खूश होता. सांजेला तो नेरहून आला तो जिलेबी घेऊन. बेबीताईला लुगडं आणलं होतं. मग तो आईपुढं येऊन बसला आणि तिचे दोन्ही हात हातात घेऊन त्यात बिडीचं कोरं बंडल ठेवलं. वर नवी आगपेटी.

"घे माय. लय तरास देल्ला तुले म्या. आता घरात बोंडभर कापूस नाही. आता खुशाल पे."

त्याचे डोळे भरून आले होते. खोटं नव्हतं त्यात काही. आईसाठी आठवणीनं काही आणायची त्याची ही पहिलीच वेळ. बंडलाचा वास नाकात गेला तशी रुक्माबाईच्या घशाशी जिलेबी आली. ती तिनं परत गिळली, लेकाच्या तोंडावरून हात फिरवला, आणि बंडल चंचीत ठेवून दिलं.

दुसऱ्या दिवसापासून पऱ्हाटी, कापूस वेचून झालेली झाडं, उपटायला सुरुवात झाली. वाळलेलं झाड बुडाशी लोखंडी चिमट्यात धरायचं आणि सारं अंग मागं टाकून ओढायचं. वेचणी परवडली, असं हे काम. रुक्माबाईनं तीन ओळी काढल्या. चवथी मध्यावर आली. तिनं चिमटा टाकला आणि धुऱ्यावर येऊन बसली.

"काय वं माय?" मारोतरावानं हाक मारली.

"बिडी पेतो."

"हं. पे, पे."

तिनं बिडी पेटवली. पहिला धूर नाकात गेला. तिनं हात लांब धरला, तोंड फिरवलं, पाय पसरले. आहा! गुडघ्याच्या वाट्या जागेवर बसल्यासारख्या झाल्या. पण बिडी काही चुलीतलं लाकूड नव्हे की आपली आपण जळत राहील. ओढली नाही की विझते. तिची विझली. मारोतराव जवळच झाडं उपटत होता. त्याचं लक्ष गेलं.

"विझली ना थे. पेऊन तं नाही राह्यली तू."

"पेतो ना."

"नसन पेनं होत तं उठ बा. इतकी पऱ्हाटी उभी हाय अजून." तो सहजच बोलला, आणि चिमटा हातात घेऊन तिथंच उभा राहिला.

रुक्माबाईनं काडी ओढली, बिडी पेटवली आणि झुरका घेतला, चांगला आतपर्यंत. मारोतरावानं नाकातून धूर निघालेला पाहिला आणि तो कामाला लागला. दुसरा झुरका, तिसरा. चौथ्याला ती बाजूला वाकून भडभडा ओकली, सकाळची भाकर, मग नुसतं पिवळं पाणी. तेवढ्यात बिडी पुन्हा विझली होती. अर्धी उरली होती अजून. तिनं पदरानं तोंड पुसलं आणि ती पुन्हा पेटवली.